सारखा की तोच

उंद्रीच्या हायस्कुलात मराठी आणि संस्कृत शिकवणाऱ्या अन्नपूर्णाबाईंकडे एक पाद्री येऊन बसतो, ही बातमी गावात फिरायला वेळ लागला नाही. महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. दिवाळी उलटली होती, कापसाची वेचणी ऐन भरात होती, आणि वेचताना हात गुंतले तरी तोंड मोकळंच असतं. कोणी म्हणालं, बाई बाटणार. कोणी म्हणालं, बाई कशाच्या बाटतात, त्या पाद्र्यालाच समास सोडवायला लावतात. यातलं दुसरं म्हणणं खरं होतं.

पाद्री म्हणजे फादर याकोब त्रिभुवन. तिशीतला, सावळा, काटक माणूस, मूळचा वैजापूरकडच्या एका खेड्यातला. उंद्रीपासून सायकलच्या टप्प्यावर त्यांचं मिशन होतं. मिशन म्हणजे दोन खोल्या, पत्र्याचं छोटंसं चर्च आणि भोवतालच्या गावांतली मोजकी ख्रिस्ती कुटुंबं. रोमला नुकतीच जगभरच्या बिशपांची मोठी परिषद झाली होती आणि उपासना लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत करायला तिथं मोकळीक मिळाली होती. आता जालन्याला आसपासच्या फादरांची बैठक भरायची होती आणि मराठी मसुद्याचा एकेक शब्द तिथं तपासला जायचा होता. फादर याकोबांच्या वाट्याला आली होती ती श्रद्धेची कबुली. रविवारी चर्चमध्ये सगळे उभे राहून एका सुरात ती म्हणतात. देव कोण, ख्रिस्त कोण, हे तिच्यात थोडक्यात येतं.

त्यांची अडचण त्यांनी पहिल्याच दिवशी बाईंना मोकळेपणानं सांगितली. आईची भाषा मराठी, पण देवाविषयी विचार करायला ते शिकले लॅटिनमधून आणि इंग्रजीतून. त्यामुळे शेतात, बाजारात, भांडणात मराठी धो धो यायची आणि धर्मशास्त्राच्या दारात आली की चप्पल काढून बाहेरच उभी राहायची. तिला आत कसं आणावं ते त्यांना उमगत नव्हतं.

अन्नपूर्णाबाईंना हे ऐकूनच हुरूप आला. त्या अमरावतीच्या कॉलेजात शिकलेल्या. लग्न होऊन उंद्रीला आल्या तेव्हा घरात शेतीवाडी भरपूर होती, पण शब्दांवर बोलायला माणूस नव्हता. शाळेतली पोरं परीक्षेपुरती विभक्ती पाठ करायची आणि विसरायची. इथं एक माणूस सायकल हाणत येत होता आणि विचारत होता, की ‘निर्माण झालेला’ आणि ‘जन्मलेला’ यांत नेमका फरक काय. बाईंनी चहा टाकायला सांगितला आणि फळा ओसरीवर आणवला.

सुरुवातीची वाक्यं सहज जमत गेली. मग एका दुपारी फादर म्हणाले, की आता एकच शब्द येतोय, तो जालन्याच्या मसुद्यात आधीच ठरल्यासारखा आहे, आपण फक्त पुढे जायचं. शब्द होता ‘समतत्त्व’. पुत्र पित्याशी कोणत्या नात्यानं आहे, ते सांगणारा.

बाईंनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, की मूळ शब्दाचा अर्थ तरी सांगा.

फादरांनी तो सांगितला आणि सांगता सांगता ते स्वतःच रंगले. सोळाशे वर्षांपूर्वी अलेक्झांड्रिया नावाच्या बंदरात एरियस नावाचा एक धर्मगुरू होता. बोलायला गोड, वागायला साधा. त्याचं म्हणणं, पुत्र थोर खराच, पण तो पित्यानं निर्माण केलेला. तो नव्हता असाही एक क्षण होता. त्याची मतं गाण्यांत बांधली गेली आणि गोदीतले खलाशी ती गुणगुणू लागले. भांडण एवढं पेटलं की सम्राटानं निकेया गावी बिशपांची परिषद बोलावली. तिथं बिशपांनी ग्रीक भाषेतला एकच शब्द निवडला: होमोऊसिऑस. पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे, दुसऱ्या कोणत्या नाही. पण भांडण मिटलं नाही. पुढे काही जण म्हणाले, कशाला ताणता, एक ‘इ’ घाला आत. होमोइऊसिऑस म्हणा. म्हणजे ‘सारख्या तत्त्वाचा’. सगळ्यांचं समाधान होईल.

“आणि घातला?” बाईंनी विचारलं.

फादरांनी नकारार्थी मान हलवली. अथानासियस नावाचा एक बुटका बिशप होता, तो त्या एका ‘इ’च्या वाटेत आडवा उभा राहिला. पाच वेळा त्याला शहरातून हाकललं, तो वाळवंटातल्या साधूंमध्ये लपला, परत आला, पण ‘सारखा’ हा शब्द त्यानं पत्करला नाही. पुत्र जर देवासारखा असेल, देव नसेल, तर त्याच्यामुळे माणूस देवापर्यंत पोचला असं म्हणता येणार नाही, हे त्याचं म्हणणं.

अन्नपूर्णाबाई उठून फळ्यापाशी गेल्या होत्या. ‘समतत्त्व’ हा शब्द त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिला आणि ‘सम’च्या खाली रेघ ओढली. अंगात ज्वर चढावा तसं त्यांना झालं होतं.

“फादर,” त्या म्हणाल्या, “हा ‘सम’ कोणाच्या बाजूचा आहे?”

फादरांना प्रश्न कळला नाही. बाईंनी त्यांना विचारलं, की तराजूची पारडी सम झाली म्हणजे काय होतं? एका पारड्यात तूर, दुसऱ्यात लोखंडाचं माप. दोन्ही सम. म्हणून तूर लोखंड होत नाही. सम म्हटलं की कान दोन वस्तू शेजारी ठेवतो आणि तोलतो. समवयस्क, समदुःखी, समसमान. ‘समतत्त्व’ ऐकणारा माणूस ‘सारख्या तत्त्वाचा’ असाच अर्थ घेणार.

“म्हणजे आम्ही मराठीत तो ‘इ’ घालून बसलो,” फादर म्हणाले. त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग ते इतके मोठ्यानं हसले, की आत भाकरी थापणारी मोलकरीण बाहेर येऊन पाहून गेली.

त्या संध्याकाळी भगवंतराव शेतातून आले तेव्हा बायको ओसरीवर येरझारा घालत होती. हातपाय धुण्याआधीच तिनं त्यांना सगळं सांगितलं: बंदर, खलाशी, बुटका बिशप आणि ‘इ’. भगवंतराव हे बोलायला कमी आणि ऐकायला पक्के. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मले एक समजलं नाई. एका अक्षरासाठी मानूस पाच डाव गाव सोडते?”

बाई म्हणाल्या, “तुमी हातभर बांधासाठी कोर्टात गेलते.”

भगवंतराव जेवताना मध्येच थांबून विचार करू लागले. दुसऱ्या दिवशी बाजार होता. कारभारीच्या हॉटेलात ते चहाला बसले आणि सहज बोलावं तसं विचारून बसले, की पोरगा बापासारखा असतो की बापच असतो.

प्रश्न साधा वाटला, पण हॉटेलातल्या प्रत्येकाला बाप होता आणि निम्म्यांना पोरं होती. त्यामुळे गप्प कोणीच बसेना. एकजण म्हणाला सारखा. दुसरा म्हणाला, सारखा कुठला, माझं पोरगं तर माझ्या मेव्हण्यासारखं. तिसऱ्यानं विचारलं, की रक्त तेच, मग तोच का नाही? भगवंतरावांनी मग बायकोकडून ऐकलेली, जुन्या आचार्यांनी दिलेली उपमा काढली. दिव्यावरून दिवा लावला तर पहिल्याचं काही कमी होत नाही आणि दुसरी ज्योत काही वेगळ्या जातीची होत नाही. कारभारीला ते पटलं नाही. तो म्हणाला, माझ्या एका चुलीवरून दुसरी पेटवलेली आहे, पण दुसऱ्या चुलीवर भजी जळतात, पहिलीवर जळत नाहीत, तेव्हा विस्तव एक नाही. यावर भज्याचं जळणं हा विस्तवाचा दोष की कारभारीचा, अशी वेगळीच शाखा फुटली आणि बाजार उठेपर्यंत वाद चालला.

हे शाळेच्या व्यवस्थापन मंडळाचे अध्यक्ष नारायणराव यांच्या कानावर गेलं. ते मोठे जमीनदार, माणूस सरळ, पण गावाच्या तोंडाला भिणारे. ते बाईंच्या घरी आले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, की बाईंनी पाद्र्याला शिकवावं याला त्यांची ना नाही, पण लोक काय म्हणतात तेही बघावं लागतं. शाळेतली एखादी पोर उद्या काढून नेली कोणी, तर उत्तर कोणी द्यायचं?

अन्नपूर्णाबाई दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. जे हातात आलंय ते आता काढून घेतलं जाणार, या भीतीनं त्यांनी चौकट घट्ट धरली होती. भगवंतराव म्हणाले, “थांबवतो मी तिले. पन आधी मले एक सांगा, नारायणराव. तुमचा मोठा पोरगा तुमच्यासारखा हाय का तो तुमीच हाय?”

नारायणरावांनी हसण्यावारी नेलं. मग म्हणाले, सारखा. मग थोडा विचार करून म्हणाले, सारखाही नाही. मग म्हणाले, की देवाच्या बाबतीत माणसाच्या पोराचा दाखला चालायचाच नाही, कारण माणसाचा बाप आधी जन्मतो आणि पोरगा मागून, देवाला आधी-मागून कुठलं? बाई दाराआडून एकदम बाहेर आल्या. “हेच,” त्या म्हणाल्या, “एरियस नेमकं इथंच चुकला असं त्या बिशपांचं म्हणणं आहे.” नारायणराव संकोचले, पण खूशही झाले. कोण एरियस, असं त्यांनी विचारलं, आणि ते सगळं ऐकून उठेपर्यंत दिवेलागण झाली. जाताना ते म्हणाले, की शब्दाचं काम असेल तर करा, देवाचं काम असेल तर घरातल्या देवाला सांगून करा. बाईंनी ते दोन्ही मान्य केलं.

फादर याकोबांना पुढच्या खेपेस हॉटेलातला वाद कळला तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, की हे असंच तिकडे झालं होतं. कॉन्स्टँटिनोपल शहरात त्या काळी भाव विचारायला गेलं तर पाववाला सांगायचा की पिता मोठा, पुत्र धाकटा. अंघोळीचं पाणी तापलं का विचारलं तर नोकर म्हणायचा, पुत्र शून्यातून निर्माण झाला. एका बिशपानं वैतागून हे सांगून ठेवलंय. “मला वाटायचं त्यानं तिखटमीठ लावलं असेल,” फादर म्हणाले. “आता वाटतं, कमीच सांगितलंय.”

त्या दिवशी बाईंनी मनातला मोठा प्रश्न काढला. ही माणसं सोळाशे वर्षांमागली. मध्ये इतकं शास्त्र झालं असेल, इतके विद्वान झाले असतील. मग आजच्या तुमच्या धर्मशास्त्राला या पहिल्या लोकांचं काय काम?

फादरांनी पेला खाली ठेवला. ते म्हणाले, की तिथून पाय निघतच नाही. ऑगस्टिन नावाचा आफ्रिकेतला बिशप त्यांच्यामागून झाला. माणसाच्या मनात स्मरण, समज आणि इच्छा ही तीन असून मन एकच कसं, यावरून त्यानं देवाच्या एकपणाचा विचार केला. आठशे वर्षांनी थॉमस आला, ज्याचं शास्त्र सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयात, अजून शिकवतात. त्याचं पान उघडलं की आधी या जुन्यांचं मत, मग त्याचं उत्तर. परवाच्या रोमच्या परिषदेतसुद्धा जी नवी वाटणारी बोलणी झाली, ती नवी नव्हती, मधलं सगळं ओलांडून या पहिल्या माणसांकडे परत जाऊन आणलेली होती. बाई ऐकत होत्या आणि त्यांचे डोळे चमकत होते. सूत्रावर भाष्य, भाष्यावर टीका, टीकेवर टिप्पणी, आणि शेवटच्या टिप्पणीकाराला अडलं की तो परत सूत्राशी येतो. ही वाट त्यांच्या पायाखालची होती. परका वाटलेला माणूस आपल्याच आळीत राहतो असं कळावं, तसं त्यांना झालं.

त्यांनी ‘समतत्त्व’ पुसून तिथं ‘एकतत्त्व’ लिहिलं.

फादर म्हणाले, की हे जालन्याला ते एकट्यानं मांडू शकणार नाहीत. मसुद्यातला शब्द थोरल्या फादरांचा होता. थोरले फादर म्हणजे युरोपातून तरुणपणी आलेले आणि इथंच म्हातारे झालेले एक पंडित. फादर याकोबांना थॉमस शिकवला तो त्यांनीच. बाई बैठकीला येतील का? बाई नाही म्हणाल्या. रात्रभर विचार करून सकाळी हो म्हणाल्या. फादरांनी थोरल्यांना विचारून पाहिलं, एका हिंदू बाईला बसू द्याल का म्हणून. निरोप आला, की व्याकरणाला बाप्तिस्मा लागत नाही, येऊ द्या.

भगवंतरावांनी जालन्याला विहिरीवरच्या इंजिनाचा एक भाग आणायचं निमित्त काढलं आणि तेही निघाले. चिखलीहून एसटी भरून निघाली. देऊळगाव राजाला ती थांबली तेव्हा भगवंतराव बालाजीच्या दिशेला हात जोडून आले आणि बायकोसाठी केळी घेऊन आले. पण बाईंना घास उतरेना. त्या खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात ‘सम’ची उदाहरणं मोजत होत्या, आणि जालना जवळ येत गेलं तशी आपल्याला त्यातलं एकही आठवणार नाही अशी त्यांची खात्री होत गेली.

बैठकीची खोली लांबट होती, एका भिंतीवर फळा होता. टेबलाभोवती सगळे फादर, कोपऱ्यात दोन सिस्टर, आणि एका टोकाला धोतर-कोट घातलेले पावलस मास्तर. मास्तर म्हणजे खेड्यापाड्यांतून ख्रिस्ती मुलांना धर्म शिकवत फिरण्यात ज्यांची हयात गेली असे वयस्क गृहस्थ. थोरले फादर उंच, वाकलेले, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि ‘बसा’ म्हणाले. त्यातला उच्चार इतका घरचा होता, की बाईंची निम्मी भीती गेली. भगवंतराव दाराशी पायरीवर बसले.

बाईंनी फळ्यावर ‘एकतत्त्व’ लिहून तूर आणि लोखंडाच्या मापाचा दाखला मांडला. बोलू लागल्या आणि सगळं आठवत गेलं. थोरल्या फादरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, की संस्कृतात ‘सम’चा अर्थ ‘तोच’ असाही होतो, कोशात पाहा. बाई म्हणाल्या, की पाहिलाय. दोन्ही अर्थ आहेत आणि दुखणं तेच आहे. “ज्यांनी तो ग्रीक शब्द निवडला, त्यांना दोन अर्थ निघणारे शब्द मिळाले असतेच ना? त्यांनी ते घेतले नाहीत. एकच अर्थ निघावा म्हणून तर हा घेतला.”

खोलीत कुजबूज झाली. थोरल्या फादरांनी दाढीवरून हात फिरवला. त्यांना राग आला नव्हता, उलट ते खुर्चीत पुढे सरकले होते. ‘एकतत्त्व’ घ्यायला त्यांची हरकत दिसली नाही. फादर याकोबांनी टेबलाखाली हातावर हात चोळला.

तेवढ्यात पावलस मास्तर उठले. ते म्हणाले, की ते विद्वान नाहीत पण गावं त्यांनी पाहिली आहेत. आपल्या लोकांच्या कानावर लहानपणापासून एकच पडलेलं असतं, सगळं एक आहे, भेद हा भास आहे. तिथं ‘एकतत्त्व’ म्हटलं की लोक म्हणणार बापच लेक आणि लेकच बाप, नावं दोन. “मग मला सांगा बाई,” मास्तर म्हणाले, “खिळे कोणाच्या हातात ठोकले? बापाच्या? आणि मरताना त्यानं हाक कोणाला मारली? सोताला?”

फादर याकोब अर्धवट उठून उभेच राहिले. ते म्हणाले, की हीच शंका, अगदी हीच, त्या काळच्या लोकांनी त्या ग्रीक शब्दावर घेतली होती. कित्येक चांगली माणसं त्या शब्दाला बिचकली ती एरियसच्या प्रेमानं नाही, याच भीतीनं. त्यांना पुढे बोलायचं होतं, पण थोरल्या फादरांनी हातानं त्यांना बसवलं. त्यांना बाईंकडून ऐकायचं होतं.

बाई फळ्यासमोर उभ्या होत्या. ‘एकतत्त्व’ हा शब्द तिथं एकटाच होता. एकीकडे ‘सारखा’ची खाई, दुसरीकडे ‘तोच’ची. मास्तरांचं म्हणणं खोटं नव्हतं, उलट बाईंच्या शब्दापेक्षा ते जड होतं. खोली वाट बघत होती. आणि तरी, का कोण जाणे, बाईंना आनंद होत होता. इतक्या माणसांनी एका शब्दासाठी श्वास रोखून बसलेलं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि मग त्यांना दिसलं, की शब्द एकटा आहे हीच त्याची अडचण आहे. त्यांनी खडू उचलला आणि त्याच्या आधी लिहिलं: ‘पित्याशी’.

“मास्तर, तुमची शंका खरी आहे,” त्या म्हणाल्या. “नुसतं ‘एकतत्त्व’ म्हटलं तर ती राहतेच. पण हा ‘शी’ पाहा. ‘शी’ लागायला दोघं लागतात. मी माझ्याशी एकमत आहे असं कोणी म्हणत नाही. नवऱ्याशी एकमत आहे, असं म्हणतात.”

“थे अजून व्हायचं हाय,” दारातून भगवंतराव म्हणाले, आणि सिस्टरांसकट सगळी खोली हसली.

पावलस मास्तरही हसले, पण सोडायला तयार नव्हते. माणूस स्वतःशी बोलतो, तेव्हा? बाई म्हणाल्या, की बोलतो, पण तेवढ्यापुरते तो स्वतःचे दोन करतो, म्हणून तर शहाणी माणसं ते चारचौघांत करत नाहीत. ‘एकतत्त्व’ म्हणतो की तत्त्व दोन नाहीत, म्हणजे ‘सारखा’ गेला. ‘पित्याशी’ म्हणतो की पिता वेगळा आणि पुत्र वेगळा, म्हणजे ‘तोच’ गेला. दोन्ही मिळून उभे राहतात, एकटा कुठलाच राहत नाही.

मास्तरांनी ते शब्द स्वतःशी दोनदा म्हणून पाहिले. “पित्याशी एकतत्त्व. हं. म्हणता येतंय,” ते म्हणाले आणि बसले.

थोरले फादर मात्र उभे राहिले होते. त्यांनी बाईंना विचारलं, की हे याकोबनं सांगितलं का? बाई नाही म्हणाल्या. याकोबांनीही मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते.

“बेसिल नावाचा एक बिशप होता,” थोरले फादर हळूहळू म्हणाले. “आता जिथं तुर्कस्थान आहे, तिथं. त्या शब्दाचं भांडण अजून चालूच होतं तेव्हा. त्यानं लिहून ठेवलंय, की कोणतीही गोष्ट स्वतःशी एकतत्त्व नसते, ती नेहमी दुसऱ्याशी असते. म्हणून हा शब्द दोन्ही चुका टाळतो. त्यानं हे ग्रीकमध्ये पाहिलं. तुम्ही आत्ता माझ्यासमोर मराठीत पाहिलंत.” मग ते खिडकीकडे वळले. “मी आयुष्यभर थॉमस शिकवला. हौदातलं पाणी गोड होतं. विहिरीत वाकून बघायचं राहून गेलं होतं.”

त्यानंतर मतं घ्यायची गरजच पडली नाही. थोरल्या फादरांनी स्वतःच्या हातानं ‘समतत्त्व’ खोडलं. फादर याकोब बाईंना म्हणाले, की बेसिलचं ते वाक्य सेमिनरीत त्यांनी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, आणि त्याचा अर्थ आज कळला. वरच्या समितीत पुढे कोणते शब्द राहिले नि कोणते बदलले तो भाग निराळा. पण फादर याकोबांच्या मिशनपुरता तरी तो मसुदा लगेच म्हणायला घ्यावा, असं ठरलं.

पुढच्याच रविवारी फादर याकोबांनी दोघांना बोलावलं. पत्र्याखाली गर्दी झाली होती. कापूस वेचून हात खरबरीत झालेल्या बायका, पोरं, दोन-चार म्हातारे. लॅटिनमध्ये इतकी वर्षं ही माणसं सूर तेवढा धरायची आणि शब्द गिळायची. आज फादरांनी एकेक ओळ आधी म्हटली आणि त्यांनी मागून. सुरुवातीला आवाज बावरलेले होते. मग ‘प्रकाशापासून प्रकाश’ आलं, आणि पुढे ‘जन्मलेला, निर्मिलेला नव्हे’ आलं, तसे ते चढत गेले. ‘पित्याशी एकतत्त्व’ हे तर पोरांनी इतक्या जोरानं म्हटलं की पत्रा दणाणला. भिंतीशी उभ्या असलेल्या अन्नपूर्णाबाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी स्वतः ते म्हटलं नाही. ती कबुली त्यांची नव्हती. पण फळ्यावरचा शब्द दुसऱ्यांच्या तोंडी जिवंत झालेला ऐकणं म्हणजे काय, ते त्यांना त्या क्षणी कळलं, आणि त्या पदराच्या टोकाशी चाळा करत, हसू दाबत उभ्या राहिल्या.

उपासना संपल्यावर दोघं गाडीवाटेनं चालत निघाली. दोन्ही बाजूंनी तूर फुलावर आली होती. भगवंतराव म्हणाले, “पोराचं तं ठरलं. पन ते म्हनून राह्यले होते त्यात अजून एक नाव होतं. आत्मा का काय. तो तिसरा. त्याचं काय ठरलं?”

बाई थांबल्या. तो प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता. फळ्यावर त्या ओळीपर्यंत अजून त्या पोचल्याच नव्हत्या.

“त्याच्यावर बी भांडन झालं असन,” भगवंतराव म्हणाले.

“झालंच असन,” बाई म्हणाल्या, आणि पदर खोचून आल्या वाटेनं मिशनकडे परत फिरल्या. फादर सायकल काढून दुसऱ्या गावाला निघायच्या आत त्यांना गाठायचं होतं. भगवंतराव मागून येत होते, आणि या खेपेला तेही भरभर चालत होते.